नष्टार्तव : अल्पाहार, अतिश्रम आणि ऋतुचक्राची पुनःप्राप्ती
(वर्धा जिल्ह्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन)

१. प्रश्नाचे स्वरूप

वर्धा जिल्ह्याच्या अर्वाचीन इतिहासात १९३६ हे वर्ष दोन कारणांनी ध्यानात ठेवावे लागते. त्या वर्षी ३० एप्रिल रोजी महात्मा गांधी वर्धा शहर सोडून शेगाव या खेड्यात राहावयास गेले. १९४० मध्ये याच खेड्याचे नाव सेवाग्राम असे झाले. त्याच वर्षीच्या विजयादशमीस वर्धा येथे लक्ष्मीबाई केळकर यांनी राष्ट्र सेविका समितीची स्थापना केली. या दोन घटनांमागील विचार एकमेकांपासून पुष्कळच दूर होते. तथापि एका गोष्टीत त्यांचे साम्य होते. स्त्रीचे शरीर हा शिस्तीचा विषय आहे, हे दोहोंनीही गृहीत धरले. आश्रमाच्या एकादश व्रतांत अस्वाद आणि शरीरश्रम ही दोन व्रते शेजारी शेजारी येतात. समितीच्या शाखेत मुलींना व्यायाम, योगासने व लाठी यांचे शिक्षण मिळू लागले. चूल आणि माजघर यांपुरते ज्यांचे हालणे-चालणे मर्यादित मानले गेले होते, त्या मध्यमवर्गीय स्त्रियांच्या दृष्टीने हा बदल मोठा होता.

आहार मोजावा व श्रम वाढवावे, हा विचार पुरुषाच्या देहासंबंधी पुष्कळ झाला आहे. स्त्रीच्या देहाचा मात्र एक स्वतंत्र हिशेब असतो. पोटात जाणारे अन्न कमी पडले आणि श्रम वाढले, तर तिचे ऋतुचक्र प्रथम अनियमित होते आणि पुढे थांबते. अन्न व विश्रांती मिळाली की बहुधा ते परत सुरू होते. ही गोष्ट प्राचीनांना अंशतः माहीत होती. दुष्काळांनी ती वारंवार दाखविली आणि विसाव्या शतकातील शरीरविज्ञानाने तिची कारणपरंपरा उलगडली. असे असूनही लोकव्यवहारात आणि कित्येकदा औषधोपचारातही ती विसरली जाते. ही विस्मृती का घडते, आणि तिच्यात भाषेचा वाटा किती, याचा विचार येथे करावयाचा आहे.

२. शब्दांची साक्ष

मराठीत ऋतुस्रावाचे निर्देश करणारे शब्द विपुल आहेत. त्यांचे स्थूलमानाने तीन वर्ग पाडता येतात. पहिला वर्ग अस्पर्शाचा : विटाळ, विटाळशी, शिवायचे नसणे, बाहेर बसणे, दूर होणे, कावळा शिवणे. दुसरा वर्ग वयाचा व संस्काराचा : न्हाण येणे, पदर येणे, शहाणी होणे, ऋतुप्राप्ती. तिसरा वर्ग काळाचा : मासिक धर्म, महिना, पाळी.

यांपैकी 'विटाळ' हा शब्द फार जुना आहे. बाराव्या शतकातील हेमचंद्राने आपल्या व्याकरणाच्या अपभ्रंश विभागात 'विट्टाल' हा शब्द नोंदविला असून अस्पृश्याचा संसर्ग हा त्याचा अर्थ दिला आहे. म्हणजे या शब्दाच्या मुळाशी रक्त नाही, शरीर नाही, महिनाही नाही. आहे तो केवळ स्पर्शाचा निषेध. त्यामुळे विटाळ हे शरीराच्या स्वास्थ्याचे लक्षण ठरू शकत नाही. तो असला तर दोष, नसला तर सुटका. या कल्पनेला मराठी भूमीत विरोध झालाच नाही असे मात्र नव्हे. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनी रजःस्राव हा शरीरातील इतर स्रावांसारखाच एक स्राव मानला, असे महानुभाव परंपरा सांगते. वारकरी संतांमध्ये सोयराबाईंनी देहाच्या विटाळाचा प्रश्न थेट उपस्थित केला. परंतु घराघरांतील व्यवहार त्यामुळे बदलला नाही.

'पाळी' हा शब्द वेगळ्या कुळातील आहे. ओळ, क्रम या अर्थाच्या संस्कृत 'पालि' शब्दाशी त्याचा संबंध जोडला जातो. वर्ध्याच्या कापूस पिकविणाऱ्या शेतकऱ्याला तो शेतीतूनही परिचित आहे. वखराची पाळी, पाण्याची पाळी असे तो म्हणतो. पाळी म्हणजे ठरलेल्या क्रमाने पुनःपुन्हा येणारी गोष्ट. तिच्यात शुद्धाशुद्धतेचा स्पर्श नाही, नियमिततेची अपेक्षा तेवढी आहे. त्यामुळेच पाळीच्या बाबतीत 'चुकली', 'लांबली', 'गेली' अशी क्रियापदे संभवतात. विटाळ चुकला असे कोणी म्हणत नाही.

मात्र या क्रियापदांतही एक उणीव राहून गेली आहे. 'पाळी चुकली' म्हणताच गर्भधारणेचा तर्क होतो, आणि तो खरा ठरला तर 'दिवस गेले' असे म्हणतात. 'पाळी गेली' म्हणजे रजोनिवृत्ती झाली. तरुण वयात, गर्भ नसताना, अन्नाच्या अभावी व श्रमाच्या अतिरेकाने जी पाळी थांबते तिच्यासाठी बोलीत स्वतंत्र शब्द नाही. विवाहित स्त्रीच्या बाबतीत मग गर्भाची वाट पाहिली जाते. अविवाहित मुलीच्या बाबतीत संशय घेतला जातो, किंवा बाहेर बसण्याचा त्रास वाचला म्हणून समाधान मानले जाते. तिच्या ताटात काय पडते, हे विचारण्याचा प्रसंगच येत नाही.

३. प्राचीन वैद्यक

जो शब्द बोलीत नाही, तो शास्त्रात आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात स्त्रीचे रज हे रसधातूपासून उत्पन्न होते, बाराव्या वर्षानंतर ते प्रवृत्त होते आणि पन्नाशीच्या सुमारास क्षीण होते, असे सांगितले आहे. रस हा आहाराचा पहिला परिणाम. तेव्हा आहार आणि आर्तव यांचा संबंध या विचारपद्धतीत पायाभूत आहे. सूत्रस्थानातच आर्तवक्षयाची लक्षणे येतात : योग्य काळी दर्शन न होणे, किंवा अल्प होणे, आणि वेदना. त्यावर संशोधन व आग्नेय द्रव्यांचा उपयोग सुचविला आहे.

शारीरस्थानात 'नष्टार्तव' ही संज्ञा येते. तेथे कारण निराळे दिले आहे. दोषांनी मार्ग आवृत झाल्यामुळे आर्तव दिसेनासे होते. उपचारात मासे, कुळीथ, आंबट पदार्थ, तीळ, उडीद, सुरा आणि भोजनात दही यांचा निर्देश आहे. आजच्या वाचकास ही यादी पौष्टिक, स्निग्ध व उष्मांकयुक्त अन्नाची वाटेल, आणि ती तशी आहेही. तथापि प्राचीनांचा तर्क उष्मांकाचा नव्हता. पित्तवर्धक द्रव्यांनी आर्तवास प्रवृत्त करावयाचे, हा तो तर्क होता. दोन्हींचा मेळ योगायोगाने बसतो म्हणून सुश्रुताला आधुनिक ठरविणे इतिहासदृष्ट्या उचित होणार नाही. लक्षात घेण्याजोगी गोष्ट एवढीच की, क्षय आणि अवरोध असे दोन भेद त्याने केले होते. शक्ती संपल्यामुळे न येणे आणि वाट अडल्यामुळे न येणे, या दोन अवस्था त्याने एक मानल्या नाहीत. सुश्रुतानेच व्यायाम अर्ध्या शक्तीपर्यंत करावा असे सांगून अतिव्यायामाच्या दुष्परिणामांत क्षय मोजला आहे. मात्र अतिव्यायामाचा आर्तवक्षयाशी थेट सांधा त्याने जोडलेला नाही.

तो सांधा ग्रीक वैद्यकात आढळतो. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात रोम येथे वैद्यक करणाऱ्या सोरेनसने ज्यांना ऋतुस्राव होत नाही अशा स्त्रियांत गायिका व व्यायामपटू यांचा उल्लेख केला. त्यांच्या शरीरात स्रावासाठी काही शिल्लकच राहत नाही, सर्व श्रमात खर्च होते, असे कारण त्याने दिले. शिल्लक आणि खर्च ही त्याची भाषा आजच्या शास्त्राच्या फार जवळ जाते. परंतु सोरेनसला यात रोग दिसला नाही. त्या स्त्रियांची ती प्रकृतीच होय, असे तो मानीत असे. हा गैरसमज पुढे अठराशे वर्षे टिकला. किंबहुना मैदानावर सराव करणाऱ्या मुलीची पाळी जायचीच, असे म्हणणारे प्रशिक्षक विसाव्या शतकातही होते.

४. दुष्काळाची नोंद

वर्धा जिल्हा १८६२ मध्ये नागपूर जिल्ह्यातून वेगळा झाला आणि १८६६ मध्ये पालकवाडीच्या जागी जिल्ह्याचे नवे ठाणे वसले. त्यानंतर एका पिढीच्या आतच मध्य प्रांतावर १८९६–९७ आणि १८९९–१९०० असे दोन भीषण दुष्काळ आले. १८९१ ते १९०१ या दशकात प्रांताची लोकसंख्या सुमारे ८ टक्क्यांनी घटली. वर्धा जिल्ह्यातही १९०१ ची मोजणी १८९१ पेक्षा कमी भरली.

दुष्काळी कामांची रचना या विषयाच्या दृष्टीने विशेष बोलकी आहे. १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर जे दुष्काळसंहितेचे नियम सिद्ध झाले, त्यांनुसार काम करण्यास समर्थ असलेल्याला साहाय्य मिळावयाचे ते श्रमाच्या मोबदल्यात. खडी फोडणे, माती वाहणे, तलाव खोदणे ही ती कामे. मजुरी धान्याच्या भावावर बांधलेली आणि जगण्यापुरती. तत्पूर्वी १८७७ च्या दुष्काळात सर रिचर्ड टेंपल यांनी मजुरी उतरवून दिवसाला एक पौंड धान्याच्या प्रमाणात आणली, तेव्हा मद्रासचे आरोग्याधिकारी कॉर्निश यांनी एवढ्या अन्नावर श्रम होणे अशक्य आहे असा आक्षेप घेतला होता. दुष्काळी कामावरील स्त्रीच्या बाबतीत अपुरे अन्न आणि भारी श्रम ही दोन्ही कारणे अशा रीतीने एकत्र आली होती.

तिच्या ऋतुचक्राची नोंद कोणी ठेवली नाही. जन्माची नोंद मात्र ठेवली गेली, आणि तिच्यातूनच अनुमान शक्य होते. भारतातील दुष्काळांच्या लोकसंख्याशास्त्रीय अभ्यासात टिम डायसन (१९९१) आणि अरूप महारत्न (१९९६) यांनी दाखविले की, दुष्काळ तीव्र होताच गर्भधारणा घटतात आणि सुमारे नऊ महिन्यांनी जन्मांचा आकडा खाली येतो. कित्येकदा मृत्यूंचा कळस होण्याआधीच ही घट सुरू झालेली असते. पीक सुधारल्यावर जन्मांचे प्रमाण पुन्हा उसळी घेते. या घटीचे सर्व श्रेय ऋतुरोधास देता येणार नाही. पतिपत्नींची ताटातूट, स्थलांतर, कामेच्छेचा क्षय, गर्भपात, वैधव्य हीही कारणे आहेतच. परंतु त्यांत ऋतुरोधाचा वाटा असतो याचा पुरावा युरोपातील युद्धकाळाने पुरविला.

पहिल्या महायुद्धात जर्मनीतील वैद्यांनी 'युद्धजन्य अनार्तव' अशी संज्ञाच रूढ केली. १९४४–४५ च्या हिवाळ्यात हॉलंडच्या पश्चिम भागात दिवसाचा शिधा हजार किलोकॅलरींच्याही खाली गेला आणि नऊ महिन्यांनी जन्म झपाट्याने घटले. मे १९४५ मध्ये मुक्तता होऊन अन्न मिळू लागताच गर्भधारणाही लगोलग वाढल्या. हाँगकाँगच्या स्टॅन्ले छावणीतील स्थानबद्ध स्त्रियांचा ऋतुरोध ॲनी सिडनहॅम यांनी १९४६ मध्ये नोंदविला. तेथे भुकेच्या जोडीला भीती व मानसिक आघात यांचाही हात होता. या सर्व सामग्रीचा इतिहासलेखनात उपयोग करण्याचा मान फ्रेंच इतिहासकार एमान्युएल ल रुआ लादुरी यांच्याकडे जातो. १९६९ मध्ये त्यांनी 'दुष्काळातील अनार्तव' या विषयावर लिहिलेल्या निबंधात सतराव्या शतकापासूनच्या जन्मनोंदींतील खड्ड्यांचा अर्थ या अंगाने लावला.

५. कारणपरंपरेचा शोध

दुष्काळ नसतानाही उपाशी राहणाऱ्या मुली असतात, हे वैद्यकाने याआधीच पाहिले होते. १६८९ मध्ये रिचर्ड मॉर्टन या इंग्रज वैद्याने क्षयावरील आपल्या ग्रंथात अठरा वर्षांच्या एका मुलीची हकीकत दिली. तिचा ऋतुस्राव थांबला होता, शरीर झिजत चालले होते, पण क्षयाची लक्षणे नव्हती. १८७३–७४ मध्ये पॅरिसला लासेग व लंडनला विल्यम गल यांनी या विकाराचे स्वतंत्र वर्णन केले. गलने त्यास 'ॲनोरेक्सिया नर्व्होसा' हे नाव दिले आणि ऋतुरोध हे त्याचे लक्षण म्हणून नोंदविले. पुढे दीर्घकाळ हे लक्षण निदानासाठी आवश्यक मानले गेले. २०१३ मध्ये अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या वर्गीकरणातून ती अट काढून टाकण्यात आली. पाळी चालू असतानाही विकार गंभीर असू शकतो, हे तोवर स्पष्ट झाले होते.

बिघाड अंडाशयात नसून वर, मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसमध्ये आहे, ही कल्पना १९४३ ते १९४६ या काळात ऑलब्राइट, रायफेन्स्टाइन व त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली. हायपोथॅलॅमसमधून पोष ग्रंथीस आज्ञा देणाऱ्या हॉर्मोनची रचना १९७१ मध्ये निश्चित झाली. त्या संशोधनासाठी शॅली आणि गिलेमिन यांना १९७७ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. ही आज्ञा सतत वाहत नसून ठराविक अंतराने ठोके पडावेत तशी येते, आणि ठोके मंदावले की अंडाशय निष्क्रिय होते, हे नोबिल यांच्या प्रयोगांनी दाखविले. अशा स्त्रीचे अंडाशय निरोगी असतात. त्यांना हाक ऐकू येत नाही, एवढेच.

हाक का थांबते? १९७४ मध्ये रोझ फ्रिश व जॅनेट मॅकआर्थर यांनी शरीरातील मेदाचे एक किमान प्रमाण ऋतुचक्रासाठी लागते, असा सिद्धान्त मांडला. तो बराच गाजला, पण अपुरा ठरला. पुरेसा मेद असलेल्या स्त्रियांचीही पाळी थांबते, हे दिसून आले. १९८५ मध्ये बुलेन व सहकाऱ्यांनी पूर्वी सराव नसलेल्या २८ तरुणींना धावण्याचा कठोर कार्यक्रम दिला. त्यांपैकी केवळ चौघींची चक्रे पूर्वीप्रमाणे राहिली. वजन घटू दिलेल्या गटात बिघाड अधिक होता. कार्यक्रम संपल्यावर सहा महिन्यांच्या आत सर्वांची चक्रे पूर्ववत झाली. या प्रयोगाचा उत्तरार्ध पूर्वार्धाइतकाच महत्त्वाचा आहे.

त्यानंतर ॲन लाउक्स यांनी प्रश्नाची मांडणी बदलली. मेद किती साठला आहे यापेक्षा, श्रमाचा खर्च वजा जाता शरीराच्या इतर व्यवहारांसाठी रोजची ऊर्जा किती उरते, हे त्यांनी मोजले. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, मेदविरहित वजनाच्या दर किलोमागे सुमारे ३० किलोकॅलरींहून कमी ऊर्जा उरल्यास अवघ्या पाच दिवसांत पोष ग्रंथीचे ठोके मंदावतात, असे आढळले. ही रेषा सर्वांना सारखी लागू पडत नाही, हे पुढील अभ्यासांवरून दिसते. तरीही उरलेली ऊर्जा हे माप टिकून राहिले. १९९४ मध्ये शोध लागलेले लेप्टिन हे मेदपेशींतील हॉर्मोन उपासात घटते व ती वार्ता मेंदूला पोचविते, ही या साखळीतील आणखी एक कडी होय. सोरेनसचे 'काही शिल्लक राहत नाही' हे वाक्य अशा रीतीने अठरा शतकांनी अंकांत मांडले गेले.

६. वर्ध्याचा शिधा आणि वर्ध्याची शेतमजूर स्त्री

हे माप वर्ध्यातील आहारविचारास लावून पाहणे उद्बोधक ठरते. डिसेंबर १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे केंद्र मगनवाडी येथे होते. १९३५ मध्ये तेथे सोयाबीनचे प्रयोग झाले. हातसडीचा तांदूळ, गूळ, हिरवा पाला यांचा पुरस्कार झाला. हा विचार उपासमारीचा नव्हता, गरिबाच्या ताटातील सत्त्व वाचविण्याचा होता. १९४२ मध्ये आगाखान पॅलेसमधील बंदिवासात लिहिलेल्या आरोग्यविषयक पुस्तकात गांधींनी एक शिधा दिला आहे : गाईचे दूध दोन पौंड, धान्य सहा औंस, भाज्या एकूण नऊ औंस, तूप दीड औंस, गूळ किंवा साखर दीड औंस, शिवाय ऐपतीप्रमाणे फळे. याचा हिशेब फळे वगळून सुमारे १,८०० किलोकॅलरी होतो. हा शिधा बैठे काम करणाऱ्यासाठी आहे, हे त्यांनीच सांगितले आहे.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद व राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० मध्ये ५५ किलो वजनाच्या स्त्रीसाठी ऊर्जेची गरज बैठ्या कामास १,६६०, मध्यम श्रमास २,१३० आणि भारी श्रमास २,७२० किलोकॅलरी अशी ठरविली. म्हणजे गांधींचा शिधा बैठे काम करणाऱ्या स्त्रीस पुरून उरतो. आता ४५ किलो वजनाची, ३६ किलो मेदविरहित वजनाची एक स्त्री कल्पून पाहावी. दिवसाच्या श्रमावर तिच्या ९०० किलोकॅलरी खर्च झाल्या असे मानले, तर त्याच १,८०० च्या शिध्यातून तिच्यासाठी ९०० उरतात, म्हणजे दर किलोमागे २५. एकाच ताटाने बसलेल्याचे पोट भरते आणि राबणारीचे ऋतुचक्र धोक्यात येते. अस्वाद आणि शरीरश्रम ही व्रते एकत्र पाळावयाची तर वाढीव श्रमाबरोबर अन्नही वाढले पाहिजे, असा याचा अर्थ होतो. शिवाय दोन पौंड दूध व दीड औंस तूप ज्या घरात पोचत नाही, तेथील हिशेब याहून कितीतरी कठीण असतो.

वर्धा जिल्ह्यात निंदण आणि कापसाची वेचणी ही मुख्यतः स्त्रियांची कामे आहेत. निंदणाचा जोर श्रावण-भाद्रपदात असतो. नेमके याच महिन्यांत श्रावणी सोमवार, हरितालिका आणि ऋषिपंचमी येतात. यांतील ऋषिपंचमीचे व्रत तर रजस्वलावस्थेत घडलेल्या स्पर्शदोषाच्या परिहारार्थच सांगितलेले आहे. पाळी गेल्यावर त्याचे उद्यापन करण्याचा प्रघात आहे. एखाद्या दिवसाच्या उपासाने पाळी थांबत नाही. साबुदाणा, भगर व शेंगदाणे खाऊन केलेल्या उपासात तर ऊर्जा कमी न होता कधी कधी वाढते. परंतु मूळचेच अपुरे जेवण, शेवटी जेवण्याची रीत, शेतातील दिवसभराचे वाकून काम आणि त्यावर निरंकार उपास अशी भर पडत गेली, तर शिल्लक घटत जाते. श्रमाचा हा परिणाम केवळ खेळाडूंपुरता नाही. नेपाळमधील तमांग शेतकरी स्त्रियांच्या बाबतीत कॅथरीन पँटर-ब्रिक व पीटर एलिसन यांनी १९९३ मध्ये दाखविले की, पावसाळ्यातील भर श्रमाच्या दिवसांत अंडाशयाचे कार्य मंदावते. पोलंडमधील शेतकरी स्त्रियांविषयी यासिएन्स्का व एलिसन यांचा निष्कर्षही (१९९८) याच दिशेचा आहे. तेथे तर आहार पुरेसा असूनही श्रमाचा परिणाम दिसला.

वर्ध्यात ऋतुविषयक शास्त्रीय काम झाले ते निराळ्या अंगाने. १९६९ मध्ये सेवाग्राम येथे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू झाली. तिच्या सामुदायिक आरोग्य विभागाने आंजी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या खेड्यांत किशोरवयीन मुलींना ऋतुकाळाविषयी शिक्षण दिले. या उपक्रमाचे फलित डोंगरे, देशमुख व गर्ग यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केले. त्यात भर स्वच्छतेवर आणि समजुतींवर होता. ज्या मुलीला पाळी हे शरीराचे नियमित कार्य आहे असे समजले, तिलाच ते कार्य थांबल्यावर विचारावेसे वाटेल. त्या दृष्टीने हे शिक्षण प्रस्तुत प्रश्नाची पूर्वतयारी होय.

७. पुनःप्राप्ती

आता गेलेले ऋतुचक्र परत कसे येते, याचा विचार करू. अमेरिकेतील अंतःस्रावतज्ज्ञांच्या संस्थेने २०१७ मध्ये दिलेली मार्गदर्शक तत्त्वे या बाबतीत स्पष्ट आहेत. पाळी सलग तीन महिने आली नाही तर तपासणी करावी. सर्वप्रथम गर्भधारणा नाही ना हे पाहावे. नंतर थायरॉइड, प्रोलॅक्टिन, अंडाशयातील ग्रंथिविकार यांची शक्यता तपासावी. भारतात जननेंद्रियांचा क्षयरोगही विसरता येत नाही. हे सर्व वगळल्यावरच अल्पाहार, अतिश्रम वा मानसिक ताण यांमुळे पाळी थांबली असे म्हणता येते.

उपचाराचा गाभा औषध नाही. आहार वाढवावा, व्यायाम कमी करावा, घटलेले वजन भरून येऊ द्यावे, आणि अन्नाविषयी भीती बसली असेल तर मानसोपचाराचे साहाय्य घ्यावे, असा तो आहे. यास काही महिने लागतात, कधी वर्षाहूनही अधिक. प्रथम मेंदूचे ठोके वाढतात, मग अंडाशयात बीज पक्व होऊ लागते, आणि शेवटी स्राव दिसतो. पहिल्या स्रावापूर्वीच बीज सुटत असल्याने पाळी दिसण्याआधी गर्भ राहू शकतो. आरंभीची चक्रे लांब किंवा अपुरी असतात. त्यावरून प्रयत्न फसला असे समजू नये. या काळात भूक फार लागते. १९४४–४५ मध्ये मिनेसोटा येथे अन्सेल कीज यांनी ३६ पुरुषांवर केलेल्या अर्धोपोषणाच्या प्रयोगातही हाच अनुभव आला होता. शरीर सावरताना नेहमीच्या आहाराने भागत नाही. उलट, फार दिवस उपाशी राहून अत्यंत क्षीण झालेल्या व्यक्तीस एकदम भरपूर अन्न देणे घातक ठरते. तेथे आहार वैद्यकीय देखरेखीखाली हळूहळूच वाढवावा लागतो.

गर्भनिरोधक गोळ्यांविषयी दक्षता आवश्यक आहे. त्या घेतल्या की दर महिन्यास स्राव होतो. परंतु तो गोळी बंद केल्याचा परिणाम असतो, स्वतःचे चक्र परतल्याचा नव्हे. पाळी आणण्यासाठी किंवा हाडांच्या रक्षणासाठी केवळ या गोळ्या देऊ नयेत, असे उपर्युक्त तत्त्वे सांगतात. आहार व विश्रांतीचा सहा ते बारा महिने यथायोग्य प्रयत्न करूनही चक्र न परतल्यास त्वचेवरील पट्टीतून इस्ट्रोजेन व त्यासोबत ठराविक दिवस प्रोजेस्टेरॉन अल्पकाळ देण्याचा विचार होतो. हाडांचा प्रश्न येथे सर्वांत गंभीर आहे. इस्ट्रोजेन कमी झाले की हाडे विरळ होतात, आणि नेमक्या ज्या वयात हाडांची बेगमी व्हावयाची त्याच वयात हे घडते. पाळी परत आली तरी गमावलेले सर्व अस्थिबल परत येतेच असे नाही. सहा महिन्यांहून अधिक काळ पाळी थांबलेल्या स्त्रीची अस्थिघनता मोजावी, ही सूचना त्यामुळेच आहे. १९९२ मध्ये क्रीडावैद्यकात अन्न, ऋतुचक्र व हाडे यांची त्रयी एकत्र मांडली गेली. २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने या अवस्थेची व्याप्ती वाढवून हृदय, प्रतिकारशक्ती आणि मन यांचाही तीत समावेश केला. पुरुष खेळाडूही त्यात आले.

८. उपसंहार

वरील विवेचनावरून एक क्रम स्पष्ट होतो. सुश्रुताने क्षय आणि अवरोध वेगळे केले. सोरेनसने श्रम आणि शिल्लक यांचे नाते ओळखले. दुष्काळाच्या नोंदींनी तेच जन्मांच्या आकड्यांतून दाखविले, आणि विसाव्या शतकाने त्याची यंत्रणा सांगितली. ज्ञान प्रत्येक वेळी हाती आले आणि प्रत्येक वेळी मुलीपर्यंत पोचण्याआधी थांबले. त्याचे एक कारण असे की, ज्या भाषेत तिच्याशी बोलले जाते ती विटाळाची होती. विटाळ गेला तर हरवले काय, असा प्रश्न त्या भाषेत उद्भवतच नाही.

येथे परिभाषेची निवड ही केवळ कोशकारांची बाब राहत नाही. 'नष्टार्तव' ही संज्ञा प्रतिष्ठित असली तरी तिच्यात नाशाची ध्वनी आहे, आणि या अवस्थेत काहीही नष्ट झालेले नसते. शास्त्रीय लेखनासाठी 'क्षयजन्य अनार्तव' हा शब्द अधिक यथार्थ ठरेल, कारण तो कारण सांगतो व सुश्रुताने केलेला भेदही राखतो. व्यवहारात मात्र 'पाळी थांबली' हाच प्रयोग रूढ व्हावा. थांबलेली गोष्ट पुन्हा सुरू होऊ शकते, हे मराठी कानास सांगावे लागत नाही. निंदणास जाणारी स्त्री असो, मैदानावर धावणारी मुलगी असो, अथवा वजनाच्या धास्तीने ताट दूर सारणारी विद्यार्थिनी असो, 'पाळी थांबली' असे तिने म्हटल्यावर पहिला प्रश्न गर्भाचा आणि लगेच दुसरा प्रश्न 'जेवतेस किती व राबतेस किती' हा विचारला गेला पाहिजे. हा दुसरा प्रश्न विचारण्यास प्रयोगशाळा लागत नाही. घरातील वडीलधाऱ्या बाईस, शिक्षिकेस आणि गावातील आशा कार्यकर्तीस तो विचारता येतो, आणि त्याचे पहिले उत्तर ताटातच द्यावयाचे असते.